मधला थांबा

३ मार्च

बाळ्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. आज माझा हात उठत नाहीये, तेव्हा नुसतंच बाळ्या.

आई आली. काल दुपारी आली. यायची होती परवा.

तू मला काय सांगितलं होतंस? "ताई, तेरा तासांचा तर प्रवास. आठ तासांचं एक विमान, मध्ये जरासा थांबा, मग पाच तासांचं दुसरं. बसली की पोचली." परवा मी विमानतळावर कठड्याला टेकून उभी होते. सगळी माणसं बाहेर आली. कडेवरची पोरं आली, चाकांच्या खुर्चीवरचे म्हातारे आले, शेवटी त्या विमानातल्या मुलीसुद्धा आपापल्या बॅगा ओढत निघून गेल्या. आई नाही. खिडकीवर विचारलं तर तिथला माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, त्या बाई दुसऱ्या विमानात चढल्याच नाहीत. बस. कुठे आहेत? माहीत नाही. कशा आहेत? माहीत नाही. तुला फोन लावला तर तू मीटिंगमध्ये! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दोन विमानांच्या मध्ये हरवलीय आणि हा शहाणा मीटिंगमध्ये!

तुझा जन्म विमानांचे मार्ग आखण्यात गेला ना? अख्ख्या जगाची विमानं तू वेळेवर पोचवतोस, आणि स्वतःची आई तुला एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर नेता आली नाही. गुडघा दुखतो तिचा, हे तुझ्या पडद्यावर येत नाही का रे?

काल मी पुन्हा त्याच कठड्याशी उभी होते, तर आली ती खुर्चीवरून नाही, चालत आली. माझ्याकडे बघितलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल." तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलते. रात्रभर कुठे होतीस विचारलं, तर "होते" म्हणाली. तुझ्यावर रागावली असणार, आणि बरोबरच आहे.

हे सगळं फोनवर बोलले असते. पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "आवाज तुटतोय" म्हणतोस. शिवाय माझ्या दोन खोल्या, आणि आईचे कान तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट. म्हणून धुलाई विभागातल्या कॉम्प्युटरवर बसून लिहितेय. मागे इस्त्रीचे रोलर धडधडताहेत आणि हॉस्पिटलच्या चादरींच्या सहा ट्रॉल्या माझी वाट बघताहेत. पत्र मध्येच तोडता येत नाही, हे त्याचं सुख.

आईचं घर विकायच्या सहीचं मी अजून काढलेलं नाही. काढीन. पण तू आधी घाई करू नकोस. तिला अजून वाटतंय की घर बंद आहे आणि शेजारच्या काकू आठवड्याला उघडून झाडून घेतात. पलंगावर बसली की तिचा हात पर्समधल्या किल्लीवर असतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या पदरात टाकते. तिची कवळी नीट करून घेतलीस, ते फार बरं केलंस. दोन वर्षं ती खालचे दात रुमालात बांधून ठेवत होती आणि सगळं मऊ करून गिळत होती. काल टोस्ट कुरकुर चावून खाल्ला. दीड वर्षात एवढं एक काम तरी केलंस.

ताई

५ मार्च

ताई,

नमस्कार. तुझ्या रागाला आधी, मग तुला.

तू रागावलीस, हक्क आहे. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. मार्ग मी निवडला, आणि चांगलाच निवडला. दोन शहरांमधलं अंतर साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास. सरळ जाणारं विमान नाही. चार मार्ग होते, त्यातला सगळ्यात कमी वेळाचा मी काढला. दुसऱ्या एका मार्गावर तिला मधल्या थांब्यावर अकरा तास बसून राहावं लागलं असतं. आमच्याकडे प्रवास म्हणजे विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत. त्यात मी तेरा तास सांगितले आणि ते तेराच भरतात. घरून निघणं, रांगा, बॅगेची वाट बघणं, हे कुणी मोजत नाही.

आईसाठी खुर्ची सांगितली होती. मधल्या थांब्यावर तिला एका दारातून दुसऱ्या दारात नेणं हे तिथल्या खुर्चीवाल्या मुलीचं काम. तिने ते केलं नाही. मी चौकशी केली, नाव काढलं आणि सरळ वर तक्रार केली. आमच्याच कंपनीची माणसं आहेत, त्यामुळे दाबून टाकता येणार नाही. तिच्या नोकरीवर येईल, तर येऊ दे. कुणाची आई अशी वाऱ्यावर सोडतात का?

सहीचं मात्र आता लांबवू नकोस. खालच्या मजल्यावरचा दुकानदार घर घ्यायला तयार आहे, पण तो महिनाअखेरपर्यंतच थांबणार. पाहुणीसारखी बसवून ठेवू नकोस तिला. तुझं ती ऐकते. माझ्याकडे होती तेव्हा विषय काढला की तिला नेमकी झोप यायची. "आई, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिकडे तू पुन्हा कधी राहणार" असं शांतपणे सांग. भाड्याचं मात्र तोंडातून काढू नकोस. आधी सही, मग हळूहळू सांगू.

कवळीचं लक्षात आलं तुझ्या, बरं वाटलं. हो, करून घेतली. बरीच खटपट करावी लागली. आमच्याकडे दातांच्या डॉक्टरची वेळ मिळणं म्हणजे काय असतं, तुला कल्पना नाही.

बाळ्या

९ मार्च

खोटारड्या,

आज हाच तुझा मायना आहे.

काल मला सुट्टी होती. आई खिडकीपाशी बसून सफरचंद खात होती. अख्खं, फोडी न करता. मी म्हटलं, हीच वेळ. तिचा मूड बरा आहे. तू शिकवलंस तसं सगळं बोलले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पुन्हा कधी राहणार. ती चावत राहिली. मला वाटलं ऐकतेय. म्हणून तुझी बाजू घेतली बघ, काय मला अवदसा आठवली! म्हटलं, "आई, बाळ्या तुझं वाईट करेल का? बघ, तुझ्या दातांसाठी किती खटपट केली त्याने."

ती चावायची थांबली.

"कोणी केली?"

"बाळ्याने. त्यानेच लिहिलंय."

"त्याने लिहिलंय?" ती म्हणाली. मग हसली. बाळ्या, बाबा गेल्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. सफरचंद ताटलीत आपटलं आणि म्हणाली, "माझे दात माझ्या घरात बसलेल्या बाईने केले. रात्री जागून केले. माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर."

मला बसायला जागा सुचेना.

तुझ्या सगळ्यात कमी वेळाच्या मार्गाचा मधला थांबा कुठला होता रे? आठव. तू तिकीट काढलंस, तिच्या हातात दिलंस, आणि ते विमान तिला तिच्याच गावात उतरवणार आहे हे तुझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही? ज्या गावात तू जन्मलास, त्या गावात! तिला वाटलं, पोराने मुद्दाम केलंय. दोन तासांत निदान खिडकीतून तरी बघेल म्हणून. तिने तुला मनातल्या मनात आशीर्वाद दिले, असं म्हणाली. आणि मग खुर्चीवाल्या मुलीला म्हणाली, "बाळ, मला पुढे जायचं नाही. मला बाहेरच्या दाराशी सोड." त्या मुलीने तीनदा विचारलं. आईने तीनदा सांगितलं. त्या पोरीने तिला टॅक्सीत बसवून दिलं. तिची तू तक्रार केलीस. आईला ते मी सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला सांग, आजच्या आज तक्रार मागे घे. नाहीतर मी स्वतः जाऊन त्याच्या साहेबाला सांगेन की तुमचा हा माणूस आईला वाटेत विसरतो."

तिसरा मजला चढली. बसत बसत चढली. किल्ली लावली, लागेना. आपण कुलूप बदललं ना! मग तिने स्वतःच्या दाराची घंटा वाजवली. दार आपल्या भाडेकरणीने, त्या दातवालीने उघडलं. बाहेरच्या खोलीत बाबांची खुर्ची होती तिथे टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे, आणि आईच्या कुंड्या असायच्या त्या खिडकीत ओळीने कवळ्या वाळत ठेवलेल्या. आई म्हणाली, "मला वाटलं मी चुकून दुसऱ्या घरात शिरले. मग कपाटाचा ओरखडा दिसला. तो बाळ्याने सायकलने पाडलेला."

दातवाली बिचारी घाबरून गेली. तिला सांगितलं होतं की मालकीणबाईंची संमती आहे. तिने आईला आत घेतलं, खाऊ घातलं, आतल्या खोलीत अंथरूण घातलं. कपडे धुऊन इस्त्री करून दिले. माझं अर्धं आयुष्य इस्त्रीत गेलं रे, आणि अख्खी रात्र विमानतळावर काढलेल्या बाईच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे कसे, हा प्रश्न मला पडला नाही! आईने तोंडात दात लावताना तोंड वाकडं केलं, ते बघून ती म्हणाली, "मावशी, इकडे द्या." सकाळी दात बसले. तिनेच तिकीट पुढच्या विमानाचं करून घेतलं आणि विमानतळावर आणून सोडलं.

मी विचारलं, "आई, मग तू इथे आलीस कशाला? आल्या आल्या बोलली का नाहीस?"

तर म्हणाली, "धाकट्याने फसवलं ते कळलं होतं. मोठी तरी आपणहून खरं सांगते का, ते बघायला आले. सहा दिवस थांबले. तू सही मागितलीस."

आता तू सांग, मी कुठे तोंड लपवू?

ताई

११ मार्च

ताई,

कवळीचं खोटं बोललो. चुकलं. तू इतकं कौतुक केलंस, मला मोह झाला. झालं समाधान?

आता माझं ऐक. सगळा चिखल माझ्या अंगावर टाकून तू कोरडी उभी राहू नकोस. ती दातवाली कुणी शोधली? तू. ओळखीतून ओळख काढून, फोनवर बोलून, तूच ठरवलंस. "आईला सांगू नकोस, उगाच रडारड करेल" हे शब्द कुणाचे? माझे नाहीत. कुलूप बदलायला मी सांगितलं, कबूल. शेजारच्या काकूंची गोष्ट रचली कुणी? काकू तर केव्हाच मुलीकडे राहायला गेल्या! तू इतकी सराईत खोटं बोललीस की ऐकताना मलासुद्धा खरं वाटलं.

आणि मधल्या थांब्याचं. तुला वाटतं मी निर्दयी आहे. ताई, आमच्या पडद्यावर गावाचं नाव येत नाही, तीन अक्षरं येतात. दिवसातून चाळीस वेळा मी ती तीन अक्षरं बघतो. तिथे वारा कसा आहे, धावपट्टी मोकळी आहे का, इंधन किती लागेल. ते आपलं गाव आहे हे मला कामावर आठवत नाही. आठवलं तर काम कसं करू? आईचं तिकीट मी कामाच्या खुर्चीत बसून काढलं. सगळ्यात कमी वेळ कुठे, तेवढंच बघितलं. तुझं पत्र वाचल्यावर मी ते तिकीट पुन्हा उघडून पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायको विचारत होती, काय झालं. मला सांगता येईना. लाज वाटते म्हणून सांगता येईना, आणि राग येतो तो वेगळाच.

कारण एक तू सोयीस्कर विसरतेस. आई त्या घरात पडली होती. स्वयंपाकघरात, पाण्यावर पाय घसरून. दुपारपासून संध्याकाळपर्यंत फरशीवर होती. मला कळलं तेव्हा मी पहिलं विमान पकडलं. तरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तू पाच तासांवर होतीस, तू चौथ्या दिवशी आलीस, "सुट्टी मिळाली नाही" म्हणत. विमानातल्या त्या आठ तासांत मी काय विचार करत होतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. मला तो प्रवास पुन्हा करायचा नाही. म्हणून ते घर नको. तिला परत जायला जागाच राहू नये, असं मला वाटतं. म्हण मला काय म्हणायचं ते.

तक्रार मागे घेतली. त्या मुलीची माफी मागितली.

सही घे. महिना संपत आला नाही, पण संपेल.

बाळ्या

१४ मार्च

बाळ्या,

चौथ्या दिवशी आले, हे तू दीड वर्ष पोटात ठेवलंस ना? ठेव. माझ्याकडे तेव्हा धुलाईत निम्मी माणसं आजारी होती आणि ऑपरेशनच्या चादरी वाट बघत नाहीत. पण जाऊ दे. तुला पटवून देत बसायला मला वेळ नाही.

सही ती करणार नाही. काल मी कागद पुढे ठेवला. तिने त्यावर सफरचंदाच्या साली टाकल्या.

आज सकाळी म्हणाली, "मला परत जायचं आहे. माझ्या घरी." मी म्हटलं, तिथे दुसरी बाई राहते. म्हणाली, "राहू दे. आतली खोली रिकामी आहे, मी बघितलीय." मी म्हटलं, पडलीस तर? ती आपली पिशवी भरायला लागली. दोन वेळा मी कपडे बाहेर काढले, दोन वेळा तिने आत ठेवले.  मग ती अंघोळीला गेली आणि मी तिच्या पर्समधून पासपोर्ट काढून घेतला. इथे माझ्या कामाच्या कपाटात कुलपात आहे.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण तूच म्हणालास ना, परत जायला जागा राहू नये! मग तुझंच काम मी पुरं केलं. राग ओसरला की समजावीन तिला. माझ्या डोळ्यांसमोर आहे, सुखरूप आहे, तेवढं मला पुरे.

ताई

१४ मार्च, संध्याकाळी

ताई,

पासपोर्ट परत ठेव. आत्ता. हे वाचतेस त्या खुर्चीतून उठ आणि कपाट उघड.

मी घर विकायला निघालो होतो, माझ्या तोंडी हे शोभत नाही, माहीत आहे. तरी सांगतो. कुलूप बदललं तेव्हा ती तिथे नव्हती, म्हणून मला ते दिसलं नाही. तू तर तिच्या समोर बसून करते आहेस. आणि बाबा असते तर आपल्या दोघांना दारात उभं केलं नसतं, हे तुला माहीत आहे.

सहीचं मी आता विचारत नाही.

बाळ्या

१७ मार्च

बाळ्या,

तुझं पत्र वाचायला मला उशीर झाला. त्याआधी आई आली.

दुपारची वेळ, धुलाई जोरात चालू. वाफेने समोरचं दिसत नव्हतं. दारावरच्या रखवालदाराने अडवलं तर त्याला म्हणाली, "माझी मुलगी आत साहेब आहे, आणि ती चोर आहे." तो बिचारा बाजूला झाला. माझ्या घरापासून इथे यायला दोन बस बदलाव्या लागतात. एकटी आली, विचारत विचारत. माझ्या हाताखालच्या बारा बाया रोलर बंद करून बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "आई, घरी बोलू."

"कुठल्या घरी?" ती म्हणाली. "तुझ्या? का त्याच्या? माझं तर तुम्ही भाड्याने दिलंय."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. मी चोरी केलेली नाही." मग आवाज चढला तिचा. त्या मशिनींच्या वर ऐकू जाईल इतका. "दीड वर्षं त्याच्याकडे होते. का? तर माझी पाळी तिकडे होती. आता तुझी पाळी. मी काय चादर आहे का गं, एकाने वापरून धुवायला टाकायची, मग दुसरीने घ्यायची? मी पडले त्याचं तुम्हाला एवढं लागलं. पण उठल्यावर मला कुठे जायचंय, हे एकाने तरी विचारलं? एकाने!"

  माझ्याच एका बाईने, जी रोज मला वचकून असते, तिने कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "द्या ना ताई त्यांचं त्यांना."

दिला. आईने तो उघडून स्वतःचा फोटो बघितला, पर्समध्ये ठेवला, आणि तिथल्याच स्टुलावर बसली. गुडघा चोळत होती. मी पाणी दिलं. प्यायली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला जवळ घेईल. म्हणाली, "तिकीट काढायचं. मधे कुठे न थांबणारं. तुला येतं का, का त्याला सांगू?"

तू काढ. तुला येतं. माझ्याने होणार नाही. आणि नीट बघून काढ. या वेळी तिथे तिला कुणी खुर्चीवर बसवून पुढे नेता कामा नये.

ताई

२ एप्रिल

दोघांना,

एकच पत्र लिहिते. दोनदा लिहायचे माझे हात राहिले नाहीत, आणि दोघांना वेगळं काही सांगायचंही नाही. मोठीला टपालाने पाठवते. तिने त्याला वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये. आपल्या सोयीचं तेवढं वाचायची तुम्हाला दोघांनाही सवय आहे.

मी पोचले. पाच तासांत पोचले, चाकांपुढचे ठोकळे वगैरे जे काय असेल ते धरून. निघण्याआधी मोठीकडून तुमची सगळी पत्रं मी वाचून घेतली. बाळ्याने तिकीट चांगलं काढलं. खिडकीची जागा दिली.

दातवाली बाहेरच्या खोलीत काम करते, मी आतल्या खोलीत. स्वयंपाकघर दोघींचं. तिला मी ठेवून घेतलंय. तुम्ही नाही, मी. खालचा दुकानदार वर आला होता, सह्यांचं विचारत. त्याला म्हटलं, घर विकाऊ नाही, आणि तुमच्या दुकानासमोर माझ्या नावाची टपालाची पेटी होती ती कुठे गेली? दुसऱ्या दिवशी आणून लावली.

माझ्या कुंड्या त्या बाईने फेकल्या नव्हत्या. गच्चीवर नेल्या होत्या. दोन मेल्या, बाकीच्या जगल्या. खिडकीत आता अर्ध्या भागात झाडं आणि अर्ध्या भागात कवळ्या. येणारे जाणारे वर बघून हसतात.

बाळ्या, तू विमानात बसून काय विचार करत होतास ते मोठीने मला सांगितलं नाही, कारण तू तिला लिहिलं नाहीस. पण मला कळतं. मी फरशीवर पडले होते तेव्हा मलाही तेच वाटत होतं, की हा आता येईपर्यंत माझं काय होतंय. तू आलास तेव्हा तुझा शर्ट उलटा होता. मी ते कधी विसरणार नाही. पण म्हणून माझं घर विकायचं नसतं रे. भीती तुला वाटली, आणि घर माझं गेलं असतं. पुन्हा पडले तर माझ्या फरशीवर पडेन. ती बाई भिंतीपलीकडेच आहे, हाक मारीन.

मोठे, तू माझा पासपोर्ट घेतलास, त्याचा राग अजून गेलेला नाही. जाईल की नाही, मला माहीत नाही. तुझ्या त्या बायांसमोर मी तुला चोर म्हटलं, त्याचं मात्र मला वाईट वाटत नाही. सहा दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा तरी म्हणशील, आई, आम्ही चुकलो. तू मला टोस्ट दिलास, सफरचंद दिलंस, पाय चेपून दिलेस, आणि कागद पुढे केलास. लेकीने पाय चेपले की आईला बरं वाटतं. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगेल.

एवढं लिहून हात दुखायला लागला.

फोन रोज करू नका. मला कामं असतात. आणि इथे यायची घाई करू नका. तुम्हाला आता वाटेल, धावत जावं, आईला जवळ घ्यावं, रडावं, म्हणजे सगळं मिटलं. तसं मिटत नाही. किल्ल्या मी नव्या केल्यात. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. तुमच्यासाठी केलेली नाही.

यायचं असेल तर आधी मला विचारा, आणि मी काय म्हणते ते ऐकून मग तिकीट काढा. लगेच हो म्हणेनच, असं समजू नका.

आई